तालुक्याच्या रसायनशास्त्र मंडळानं वर्षभर करायचं तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात एक सीनियर कॉलेज, दोन ज्युनियर कॉलेजं आणि आसपासची हायस्कूलं मिळून पंधरा-सोळा रसायनाचे शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी मंडळ काढलं. पहिल्या वर्षी 28 फेब्रुवारीला ‘रसायनांचे चमत्कार’ दाखवले. हॉल भरला, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. त्यानंतर सहा महिने सगळं थंड. आता गावासाठी आणि मुलांसाठी नेमकं काय करावं, खर्च किती येतो आणि मुलं टिकतात कशी?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. अशाच एका मंडळाची हिशेबाची वही वीसेक वर्षं माझ्याकडे होती. पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

आधी त्या चमत्कारांचं. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. परमँगनेटच्या ढिगावर ग्लिसरीन सोडून ज्वाळा काढल्या, अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी पेटवला. हिरवी राख टेबलभर उडाली आणि शिपाईमामांनी ती झाडूनं गोळा केली. डायक्रोमेटमधलं क्रोमियम कॅन्सरला कारण होतं हे आम्हीच वर्गात शिकवत होतो, आणि त्या दिवशी कुणी तोंडाला साधा रुमाल बांधला नव्हता. पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांना विचारलं, काय बघितलंत? “सर, एक नंबर जादू!” जळलं काय, काडी न ओढता पेटलं कसं, हे एकानंही विचारलं नाही. तेव्हा आमची ट्यूब पेटली.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असलेच प्रयोग करतात, पण शेवटी ते बिंग फोडून दाखवतात. फरक तिथे पडतो. त्यातला एकच प्रयोग आम्ही पुढे ठेवला. सुरीच्या पात्यावर जास्वंदीची पाकळी चोळायची, पातं वाळू द्यायचं आणि लिंबू कापायचं. लालभडक ‘रक्त’ येतं. मग सुरी घासूनपुसून तेच लिंबू पुन्हा कापायचं, काहीच नाही. त्यानंतर फुलं मुलांच्या हातात द्यायची आणि पाकळीच्या रसावर साबणाचं पाणी टाकायला लावायचं. रस हिरवट होतो. मूल संध्याकाळी घरी जाऊन आजीसमोर हे करून दाखवतं. मूल घरी करू शकणार नाही असा प्रयोग मी हल्ली कार्यक्रमात घेतच नाही.

आता मूळ मुद्दा. मंडळानं आपल्याला काय दाखवता येतं याची यादी करू नये. गावाला आधीपासून काय प्रश्न पडलेत ते ऐकावं. आमच्याकडे तो प्रश्न एका एसवायच्या मुलीनं आणला: “सर, आमच्या वस्तीवर बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि साबणाला फेस येत नाही.” पाण्याचा कठीणपणा काढायचं प्रॅक्टिकल तिनं त्याच महिन्यात केलं होतं, पण ते लॅबमध्ये ठेवलेल्या ‘दिलेल्या नमुन्यावर’. मी म्हटलं, रविवारी वस्तीवरच्या बाटल्या घेऊन ये.

ती अकरा बाटल्या आणि पाच बायका घेऊन आली. 50 मिली पाणी, बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून खूण देणारी पावडर), आणि वरून 0.01 मोलर ईडीटीए (पाणी कठीण करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं द्रावण). विहिरीचं पाणी 9 मिलीतच जांभळट लालाचं निळं झालं. बोअरच्या पाण्याला 25 मिलीची ब्युरेट पुन्हा भरावी लागली. रीडिंगला 20 नं गुणलं की लिटरला किती मिलिग्रॅम ते निघतं, म्हणजे विहीर 180 आणि बोअर 500 च्या पुढे. भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. त्या बायकांना आकड्याचं काही नव्हतं. रंग बदलायला एका पाण्याला किती कमी ‘औषध’ लागलं आणि दुसऱ्याला किती जास्त, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि विषय संपला. मग खरा प्रश्न आला: “डाळीत चिमूटभर सोडा टाकतो, ते बरोबर का चूक?” मुलीला उत्तर देता येईना. डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. सोड्यानं तो मऊ पडतो, पण बी-1 जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. तिथंच पुस्तक काढून आम्ही हे वाचलं आणि ठरलं, डाळीपुरतं पाणी विहिरीवरून आणायचं. त्या रविवारनंतर बाटल्या येतच राहिल्या. आम्ही जाहिरात कधी केली नाही.

पाण्याचंच दुसरं काम पावसाळ्यातलं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतो. नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. एका गावात रोज पावडर टाकूनही रंग येईना. जलसुरक्षकाला सगळे कामचुकार ठरवायला निघाले होते. आमच्या मुलांनी पोत्यातली पावडर आणली. ब्लीचिंग पावडरमधला उपलब्ध क्लोरीन काढणं हे बीएससीचं नेहमीचं प्रॅक्टिकल: पोटॅशियम आयोडाइड, थायोसल्फेट, स्टार्च. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण एक तृतीयांश क्लोरीन मिळायला हवा. पोत्यात त्याच्या निम्माही नव्हता. पोतं दमट खोलीत तोंड उघडं पडलेलं होतं. आम्ही सरपंच आणि ग्रामसेवकाला चहाच्या वेळी शांतपणे सांगितलं, पेपरात दिलं नाही. पुढच्या वेळी लहान पिशव्या आल्या आणि झाकणाची पिंपं आली. जलसुरक्षक अजून मला रस्त्यात थांबवून नमस्कार घालतो.

(ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ते अंगावर घ्यायचं रसायन नाही, लहान मुलांच्या हाती देऊ नका. शाळेत डीपीडीच्या गोळ्या वापरा, रंग गुलाबी येतो.)

तुम्ही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या बाजूचे असाल तर कठीणपणाआधी फ्लोराइडकडे बघा, मर्यादा लिटरला 1.0, फार तर 1.5 मिलिग्रॅम. पण कुठंही असा, आपल्या कागदावर ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शिक्का मारू नका. शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. आपण प्रश्न दाखवतो, दाखला देत नाही.

आता गणपती. समाजासाठी रसायनशास्त्र म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं मला आवडणारं उदाहरण हेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं पीओपीच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायची पद्धत काढली आणि 2016 पासून पुणे महापालिकेनं ती पावडर लोकांना वाटली. यात कुणालाही देव की पर्यावरण असं निवडायला लावलं नाही. बादली दिली, पावडर दिली, कृती दिली. रसायन अकरावीच्या पातळीचं आहे. सेट झालेलं पीओपी म्हणजे जिप्सम. बायकार्बोनेटशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ खाली बसतो आणि अमोनियम सल्फेट पाण्यात राहतं, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं खत.

मुलांसाठी यात सोनं आहे. मूर्तीचं वजन करायला लावा. 172 ग्रॅम जिप्समला 158 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर. पाणी किती? ही पावडर 100 मिलीत वीसेक ग्रॅमच विरघळते, म्हणून 2 किलोला 10-12 लिटर. स्टॉइकिओमेट्रीचं, म्हणजे कशाला किती लागतं याचं, गणित मुलांना इतकं जवळचं दुसरीकडे कुठं वाटत नाही, कारण हिशेब चुकला तर तिसऱ्या दिवशी बादलीत बाप्पाचा हात शिल्लक राहतो आणि ते कुणालाच बघवत नाही. अधूनमधून ढवळत राहायचं, दोन-तीन दिवस लागतात.

पहिल्या वर्षी आम्ही पिंपं कॉलेजच्या बंद पॅसेजमध्ये ठेवली. सकाळी कुलूप काढलं तर अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून घळाघळा पाणी! उघड्यावर, शेडखाली ठेवा. दुसरी चूक जास्त शिकवून गेली. क्रिया झाली हे दाखवायला मुलांनी गाळावर लिंबू पिळलं, गाळ फसफसला, सगळे खूश. एका अकरावीच्या पोरानं विचारलं, “सर, पाण्यात उरलेली पावडरपण फसफसणारच की?” बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून गाळ तीन पाण्यांनी धुऊन मग लिंबू, आणि शेजारी मूर्तीचा न विरघळलेला तुकडा. तुकड्यावर काही होत नाही, गाळ फसफसतो. कार्यक्रमातला सगळ्यात चांगला प्रयोग एका शंकेतून आला. वरचं पाणी भरपूर पातळ करून फुलझाडांना घालतो. मूर्तीचे रंग कसले आहेत याची खात्री नसते म्हणून भाजीपाल्याला घालत नाही.

बाहेरचे प्रयोग जसेच्या तसे उचलू नका, ही सूचना फसल्यामुळेच देतोय. मिठातलं आयोडीन दाखवायचा एक प्रयोग अमेरिकेत शाळाशाळांत करतात: मीठ, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्टार्च, की निळा रंग. आम्ही आठवडी बाजारात टेबल मांडलं, व्हिनेगरऐवजी लिंबू घेतलं, भाताची पेज घेतली, आणि पन्नास लोकांसमोर मीठ पांढरं ते पांढरंच. एक काका म्हणाले, “बघा, आयोडीन-बियोडीन सगळं थोतांड.” झालं होतं असं, की तिकडच्या मिठात आयोडाइड असतं, त्याला पेरॉक्साइड लागतं. आपल्या मिठात आयोडेट असतं, त्याला उलट आयोडाइड लागतं. आणि वर लिंबू! त्यातलं क जीवनसत्त्व तयार झालेलं आयोडीन गिळून टाकतं. आता आम्ही पेजेचं निवळ पाणी, व्हिनेगर आणि पोटॅशियम आयोडाइडचे चार थेंब घेतो. मीठ निळंजांभळं होतं. मग मुद्दाम लिंबू पिळतो, रंग जातो, आणि ‘का गेला?’ हा प्रश्न गर्दीला टाकतो. त्या काकांना शोधून पुढच्या बाजारात टेबलाशी आणलं होतं. त्यांनी खडेमीठ आणून तपासलं, ते पांढरंच राहिलं, आणि घरी काय वापरायचं ते त्यांनीच ठरवलं.

भेसळीच्या तपासणीत मात्र हात जपून. लोकांना हे फार आवडतं, गर्दी हमखास होते, आणि म्हणूनच धोका आहे. दुधातला युरिया ओळखायला तुरीच्या डाळीचं पीठ चालतं. डाळीतलं युरिएज नावाचं एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं आणि लाल लिटमस निळा होतो. पण दुधात मुळातच थोडा युरिया असतो, कायद्यानं 700 पीपीएमपर्यंत (दहा लाखात 700 भाग) चालतो. आमच्या एका उत्साही मुलानं लिटमसवर निळसर झाक बघितली आणि मोठ्यानं ओरडला, “यात युरिया आहे!” दूध कुणाचं हे गावात सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी तो दूधवाला, त्याचा भाऊ आणि दोन म्हशींचे मालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. बिचाऱ्याची दोन घरं सुटली होती. आम्ही त्याच्या गोठ्यावर जाऊन सगळ्यांसमोर दूध काढून तेच परत तपासलं, माफी मागितली. तेव्हापासून नियम: नमुन्यावर नाव नाही, फक्त नंबर. सोबत दोन नमुने आपणच तयार केलेले, एक शुद्ध, एक युरिया घातलेला. आणि निकाल मोठ्यानं जाहीर करायचा नाही. हळदीचंही तसंच आहे. ॲसिडनं अस्सल हळदसुद्धा गुलाबी होते, पाणी घातल्यावर रंग गेला तर ती हळदच. टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या भेसळीच्या रंगाची शंका घ्यायची. ही दुसरी पायरी गाळूनच बरेच लोक दुकानदाराच्या अंगावर जातात.

मुलांना कारखाना दाखवायला मुंबई-पुण्याला न्यायची गरज नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना खुली असते, जमलं तर एकदा जरूर न्या. पण गुऱ्हाळ जवळ आहे. आमची डिसेंबरची सहल तिथेच. ताज्या रसाला पीएच पेपर लावला की पाचच्या आसपास. चुन्याची निवळी घातली की वर सरकतो. चुना का? आम्लात उकळलं तर साखर फुटते आणि गूळ चिकट होतो. भेंडीचा चिकट रस मळी धरून वर आणतो. गुळव्या कढईतला थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि “उतरवा” म्हणतो. मुलांनी डिजिटल थर्मामीटर धरला होता, 118. पुढच्या कढईला 117. गुळव्यानं आकडा बघितलाही नाही. पाऱ्याचा थर्मामीटर चुकूनही नेऊ नका, कढईत फुटला तर सगळा गूळ वाया. पिवळाधमक गूळ हायड्रॉस पावडरनं (रंग उडवणारं रसायन) होतो हे तिथल्याच माणसानं हसत सांगितलं: “लोक पिवळा मागतात, मग आम्ही काय करणार?” हा प्रश्न मुलांनी पुढच्या बैठकीत तासभर चघळला.

मुलं टिकण्याचं विचारलंत. आम्ही पहिली दोन वर्षं टॉपर मुलं घेतली. ती दिवाळीनंतर क्लास आणि परीक्षांत गायब. मग ज्यांना प्रॅक्टिकलला हौस आहे आणि थिअरीला कमी मार्क आहेत अशी एफवायची मुलं घेतली. ती तीन वर्षं राहिली. टेबलामागे उभं राहण्याआधी प्रत्येकाला कॅन्टीनच्या मावशींना आपला प्रयोग समजावून सांगावा लागतो. मावशी “हां” म्हणाल्या तर पास नाही, मावशींनी उलट प्रश्न विचारला तर पास. ही परीक्षा युनिव्हर्सिटीच्या तोंडीपेक्षा कडक आहे. इंग्रजीत सगळं येणारी मुलं ‘उदासिनीकरण’ शब्दाला अडखळतात, आणि मराठी शाळेतली सातवीची पोरगी त्यांना ‘आम्लारी’ सांगते, हे बघायला मजा येते. ऑलिम्पियाडकडे वळणारं एखादं पोर सापडलंच, तर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचं साहित्य त्याच्या हाती द्या. भारतानं 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिम्पियाड मुंबईत भरवलं होतं, ती गोष्ट सांगा. पण मंडळाचं रूपांतर ऑलिम्पियाडच्या क्लासमध्ये होऊ देऊ नका. पालक तसा आग्रह धरतील.

सुरक्षेबाबत मी खडूस आहे. पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातलं 6 टक्क्यांचंच, लॅबमधलं 30 टक्क्यांचं टेबलावर आलंच नाही पाहिजे. मिथेनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवायचा प्रयोग बंद. त्यात बाटलीच पेट घेते आणि समोरची मुलं भाजतात, अमेरिकन केमिकल सोसायटीनंही तो करू नका असं सांगितलंय. चुना म्हटलं की आपल्याला पान आठवतं, पण चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. चुना असेल त्या टेबलाशी गॉगल आणि पाण्याची भरलेली बादली. ओढणी बांधलेली, केस बांधलेले, चव घेणं बंद, खाऊ दुसऱ्या खोलीत. एकदा मी शाळेच्या मुख्याध्यापकांनाच गॉगल नाही म्हणून टेबलापासून मागं सरकवलं. रागावले थोडे, पण मुलांनी ते बघितलं.

खर्च म्हणाल तर भीती बाळगू नका. थेंबांवर काम करा. एका मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे 100 मिली द्रावणात दोन हजार थेंब. गोळ्यांची रिकामी पाकिटं उलटी केली की छान खळगे मिळतात, घरोघरी मागा. ईडीटीए, स्टार्च, पीएच पेपर, आयोडाइड एवढंच विकत. आमचा सगळ्यात मोठा खर्च चहा आणि रिक्षा.

शेवटचं तारखांचं. 28 फेब्रुवारी विज्ञान दिन म्हणून ठीक आहे, पण तेव्हा बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते. सभागृहात टाळ्या वाजवायला आठवीची मुलं आणि टेबलामागे कुणीच नाही. 23 ऑक्टोबरचा मोल डे (रसायनातल्या ‘मोल’ या मापाचा दिवस) बऱ्याचदा दिवाळीच्या गडबडीत सापडतो. आम्ही 2 ऑगस्ट धरला, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्मदिवस. 1924 मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा ते पहिले अध्यक्ष होते. शिवाय ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असतं, लोकांना पाण्याची काळजी असते, कॉलेज नुकतं सुरू झालेलं असतं, आणि गणपती दाराशी.

तेव्हा पुढच्या बैठकीचा अजेंडा वगैरे लिहू नका. सगळ्या शिक्षकांना सांगा, आपापल्या घरच्या नळाचं पाणी 1 लिटरच्या बाटलीत आणा. बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची, काठोकाठ भरायची, वर नाव नाही, फक्त नंबर.